अ.पा.क.

सातबाऱ्यावर माझं नाव पहिल्यांदा चढलं तेव्हा त्याला शेपूट होतं. आधी माझं नाव, मग 'अ.पा.क.', मग आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. अठराच्या आतल्या माणसाला महसूल खातं 'अज्ञान' म्हणतं आणि त्याच्या वतीनं सही करणारा तो पालन कर्ता. दहावी सुटलेली मी, वक्तृत्व स्पर्धेतले दोन कप घरात, आणि सरकारी कागदावर अज्ञान. राग आला होता. नंतर मात्र मान्य करावं लागलं की तलाठी भाऊसाहेबांनी काही खोटं लिहिलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आमच्या घरात मला आणि माझ्या धाकट्या भावालाच इतकी वर्षं माहीत नव्हती.

पप्पा २०१९ च्या जूनमध्ये गेले. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं आणि तीन एकर रान. उन्हाळाभर विहिरींनी तळ गाठलेला, त्यामुळे जळालेल्या मोटारींची दुकानात रांग लागलेली. मांडीवर स्टेटर घेऊन जुनी तार उपसत होते, तसेच एका अंगावर कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला होता. त्यांचे कपडे आईच्या हातात दिले तेव्हा शर्टाच्या खिशात बोटभर तांब्याची तार निघाली, नीट गोल गुंडाळलेली. ती मी घेतली. अजून माझ्या कंपासपेटीत आहे.

लहान गावातलं दुःख कसं असतं ते सांगायचं तर एवढंच सांगते. तिसऱ्या दिवशी अंगणात बसलेल्या माणसांतला एकजण डोळे पुसता पुसता काकांना म्हणाला, "माझी पाच एचपीची तेवढी तशीच परत मिळाली तरी चालंल." त्याचंही चुकलं नव्हतं. पेरणी तोंडावर होती. काकांनी दुकान उघडून दिलं आणि लोक चिठ्ठी बघून आपापल्या मोटारी घेऊन गेले. जाताना प्रत्येकजण दारात थांबून पप्पा कशानं गेले हे सांगून जायचा. कुणी म्हणायचं कर्ज, कुणी म्हणायचं तंबाखू, एक आजीबाई म्हणाल्या, "मनात ठेवायचा हो सगळं." मनात काय, ते त्या बोलल्या नाहीत. नगरपंचायतीतून मृत्यूचा दाखला आला तर त्यावर कारणाचा रकानाच नाही. छापायचं राहिलं की काय वाटलं, पण तसं नव्हतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातच आहे की नोंदवहीत कारण असलं तरी उताऱ्यात ते उघड करायचं नाही. मला तेव्हा ते चमत्कारिक वाटलं. आता वाटतं, त्या कायद्याला लहान गावं ठाऊक असावीत.

वारस नोंदीचा अर्ज मी लिहिला. घरात अक्षर माझं चांगलं. खातेदार मयत झाला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं, म्हणून काका ऑगस्टमध्ये घाई करायला लागले. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, रेशन कार्डाची झेरॉक्स, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून मी वारसांचा तक्ता आखला: अनुक्रमांक, नाव, वय, मयताशी नातं. एक, आजी, आई. दोन, आई, पत्नी. तीन, मी, मुलगी. चार, भाऊ, मुलगा. मुलगा आधी गेला तर आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते, हे मला तिथेच कळलं. आजीलाही नवीनच होतं. "लेकाचं मला?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून बसली.

भाऊसाहेबांनी तक्ता वाचला आणि मान वर न करता विचारलं, "आणखी कोण? आधीचं काही?"

"नाही," काका म्हणाले.

आई पिशवीतले कागद मोजत होती. ते तिनं नुकतेच दोनदा मोजले होते.

मग काकांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'वरील व्यक्तींखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाहीत.' 'कोणीही' मधली दुसरी वेलांटी मी पहिल्यांदा ऱ्हस्व काढली होती, ती खोडून दीर्घ केली. माझं अक्षर, माझं शुद्धलेखन. प्रतिज्ञापत्रावर टायपिस्टनं तेच वाक्य माझ्या कागदावरून उतरवलं.

फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लागते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात आणि कुणी काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. आमच्या नोंदीला तेराव्या दिवशी हरकत आली. घरात कुजबुज सुरू झाली. मी खोलीत गेले की काकांचं बोलणं पावसावर यायचं. पुढे तहसीलमधून सुनावणीची नोटीस आली आणि पोस्टमनकाकांनी ती माझ्या हातात दिली, कारण आई रानात होती. नोटिशीला हरकतीची प्रत टाचलेली होती. पोस्टमनकाका सही घेऊनही जरा वेळ सायकल धरून उभे राहिले. "आईला दे. तू नको उघडूस," म्हणाले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

मी उघडलं. हरकतदाराचं नाव वाचलं आणि आधी वाटलं, कुणीतरी माझंच नाव चुकवलंय. पहिलं नाव वेगळं, पण मधलं नाव पप्पांचं आणि आडनाव आमचं. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव म्हणजे अर्धी वंशावळच असते. त्या मधल्या नावावर पंधरा वर्षं माझा आणि भावाचाच हक्क होता. आत लिहिलं होतं: 'मी मयत खातेदाराची पहिल्या पत्नीपासून झालेली मुलगी असून माझे नाव वारसांमध्ये वगळण्यात आले आहे.' वय चोवीस. सोबत जन्माचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला. अक्षर सरळ, टपोरं, माझ्यापेक्षा चांगलं.

मग मागच्या गोष्टी एकेक करून वर येऊ लागल्या. मी सहावी-सातवीत असेन, एका लग्नात पंगतीच्या कडेला एका म्हाताऱ्या बाईनं पप्पांना थांबवून विचारलं होतं, "मोठी कशी आहे रे?" पप्पा म्हणाले, "बरी आहे." म्हणताना त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. मी त्या बाईंना वाकून नमस्कार केला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे, आणि काहीच बोलल्या नाहीत. मला इतकी वर्षं वाटत होतं की मोठी मीच.

आईला मी त्या रात्री भांडी घासताना गाठलं. ती म्हणाली, "तुझी दहावी झाल्यावर सांगणार होते." खरं असेल. प्रत्येक इयत्तेला ती असंच स्वतःला सांगत आली असेल. मी ओरडले, ती घासत राहिली. शेवटी म्हणाली, "मला मुलीची भीती नाही गं. मला कागदाची भीती आहे."

कागदाचं ते प्रकरण मला वकिलांच्या ऑफिसात उलगडलं. पप्पांचं पहिलं लग्न १९९४ चं. पटलं नाही. १९९८ मध्ये दोन्हीकडची चार माणसं बसली आणि स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली गेली. कोर्टात कुणी गेलंच नाही. २००३ मध्ये पप्पांनी आईशी लग्न केलं. पुढे २०१३ मध्ये पहिल्या बाई वारल्या. वकील सौम्यपणे पण सरळ बोलले. हिंदू विवाह कायद्यात कोर्टाच्या हुकुमाशिवाय घटस्फोट होत नाही. रूढीनं झालेली फारकत कायदा मानतो, पण तुमच्या समाजात तशी रूढी पूर्वीपासून आहे हे पुराव्यानं दाखवावं लागतं आणि ते सोपं नसतं. नाही दाखवता आलं तर २००३ चं लग्न मुळातच रद्दबातल, कारण पहिली बायको तेव्हा हयात होती. "मुलांना धोका नाही," ते म्हणाले. "कलम १६ प्रमाणे मुलं औरसच धरतात, बापाच्या मिळकतीत त्यांना वाटा आहे. अडचण यांची." त्यांनी आईकडे बोट दाखवलं नाही, पेननं दाखवलं. "समोरच्या मुलीनं मनात आणलं तर 'पत्नी' या शब्दावरच हरकत घेऊ शकते."

मी हरकतीचा अर्ज परत वाचला. त्यात आईविरुद्ध एक अक्षर नव्हतं. 'मयताची पत्नी' असं त्या मुलीनं स्वतःच लिहिलं होतं, आईच्या नावापुढे. वकील म्हणाले, "बहुतेक लक्षात आलं नसेल." मला तसं वाटलं नाही. एवढं नीट लिहिणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं नाही?

काकांना वेगळीच चिंता होती. रस्त्याकडेचा तुकडा विकून दुकानाचं देणं फेडायचं त्यांच्या मनात होतं. वकिलांनी तेही मोडून काढलं: अज्ञान मुलांचा हिस्सा आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अज्ञान असण्याचा मला झालेला हा एकमेव फायदा.

सुनावणी लांबली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक, सगळं महसूल खातं त्या कामाला जुंपलेलं. नोव्हेंबरची तारीख पुढे गेली, डिसेंबरची गेली. अखेर जानेवारी २०२० मध्ये तहसीलच्या व्हरांड्यात आम्ही एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला, असे तासभर उभे होतो. तिच्याबरोबर कोण असावं? आत्या! पप्पांच्या जाण्याची खबर आत्यानंच तिला दिली होती. काकांनी आत्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता इथेच पेटतंय. आत्या शांत होती. आजोबा गेल्यावर भावांनी सांगितलं तशी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झालेली ही बाई, दिवाळीला साडी घेऊन जायची आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. तिनं हे एकच काम गुपचूप केलं होतं.

आत आमचं म्हणणं तयार होतं. काका सांगणार होते की अशा कुणा मुलीची आम्हाला माहिती नाही. दाखल्यांपुढे ते किती टिकलं असतं कोण जाणे, पण पाळी तिथवर आलीच नाही. साहेबांनी वारसांमध्ये वयानं मोठ्या म्हणून आजीला आधी विचारलं, "आजी, ह्यांना ओळखता का?"

आजी काकांकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. "ओळखायचं काय त्यात," ती म्हणाली. "माझ्या हातानं न्हाऊ घातलंय तिला. पायाळू आहे ती." आणि तिला घरच्या नावानं हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही. घरातलं एक हाक मारायचं नाव पंधरा वर्षं कुणीच उच्चारलं नव्हतं, आणि आजीच्या तोंडून ते कालच मारल्यासारखं निघालं.

साहेबांनी लिहून घेतलं. नोंद वादग्रस्त म्हणून सहा-अ या तंट्यांच्या नोंदवहीला गेली होती, ती एका वाक्यात वादाची राहिली नाही. बाहेर आल्यावर काका आजीशी बोलले नाहीत, आणि पुढे बरेच महिने बोलले नाहीत.

मी तिच्याजवळ कधी गेले ते आठवत नाही. झेरॉक्सच्या दुकानासमोर ती पिशवीत कागद लावत होती. काय बोलावं सुचेना म्हणून मी म्हटलं, "अर्ज मी लिहिला होता. तो 'अन्य कोणीही नाहीत' वाला."

"कळलं अक्षरावरून," ती म्हणाली. "लहान मुलीचं आहे ते दिसत होतं." मग विचारलं, "दुकानात अजून तो वार्निशचा वास येतो?"

येतो म्हटलं. ती म्हणाली की पप्पा दर जूनमध्ये तिच्या आजोळी यायचे, वह्या-पुस्तकं घेऊन, आणि त्या नव्या वह्यांनाही तो वास असायचा. मी विचारलं, कधीपर्यंत?

"२००४ पर्यंत."

माझा जन्म २००४ चा आहे. तिला ते माहीत होतं, कारण तक्त्यात माझं वय मीच लिहिलं होतं. ती माझ्यावर बिलकुल चिडलेली नव्हती आणि मला ते फार कठीण गेलं. कुणी चिडलं की उलट चिडता येतं. पप्पांवर तर चिडताही येईना, कारण गेलेल्या माणसावर चिडलं की आई रडायची आणि भाऊ माझ्याशी बोलायचा नाही. तो महिना मी प्रीलिममध्ये काय लिहिलं ते मला आठवत नाही.

दहावीचा शेवटचा पेपर, भूगोलाचा, २३ मार्चला होता. तो आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. त्याचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून मिळाले. कचेऱ्या उघडल्यावर पावसाळ्यात कधीतरी वारस नोंदीचा निकाल आला आणि पाच नावं सातबाऱ्यावर चढली: आजी, आई, ताई, मी, भाऊ. शेवटच्या दोघांना शेपूट. ताई हा शब्द मी पहिल्यांदा तिथेच मनात वापरला. आई अजूनही तिला 'त्या' म्हणते. मी कधी सुधारत नाही.

२०२१ च्या मे महिन्यात आजी गेली. त्या महिन्यात आमच्या गल्लीत किती जण गेले ते मोजायला बसलं की एका हाताची बोटं पुरत नाहीत. अंगणात माणसं बसली नाहीत, कुणी कारणं सांगायला आलं नाही. या वेळी सगळे कागद मी केले. एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद, दाखल्याच्या चार प्रती, आणि वारसांचा तक्ता. आजीच्या वाट्याचं गणित वेगळं होतं. आई सून, तिला त्यात काही नाही. आजीची मुलं वारस, आणि गेलेल्या मुलाच्या वाट्याला त्याची मुलं. म्हणून काका, आत्या, आणि पप्पांच्या जागी आम्ही तिघं. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडून दिलेली आत्या आईच्या वाट्यातून सातबाऱ्यावर परत आली. तिला फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ हसत होती, आणि मग हसत नव्हती.

तक्त्यात ताईचं नाव मी आमच्या दोघांच्या वर लिहिलं. 'अन्य कोणीही वारस नाहीत' हे वाक्य लिहायच्या आधी काकांना विचारलं, "आणखी कोण? आधीचं काही?" काकांनी मला घरातून बाहेर जायला सांगितलं. मी अंगणात बसून वाक्य पुरं केलं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मला अठरा पूर्ण झाली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी अ.पा.क. शेरा कमी करण्याचा अर्ज दिला. त्याला फारसं काही लागत नाही. वयाचा पुरावा आणि अर्ज, बस्स. पण तोही फेरफारच, त्यामुळे त्यालाही नोटीस आणि तेच पंधरा दिवस. मी सज्ञान झाले याला कुणाची हरकत असल्यास कळवावे. मला त्याची गंमत वाटली.

त्या पंधरा दिवसांत काका तीनदा घरी आले. तिसऱ्यांदा येताना पेढे आणले. "आता शेरा निघाला की एक काम उरकून टाकू," म्हणाले. "हक्कसोड. भाऊ एकटा आहे तुझा. उद्या तू सासरी जाशील, तुकडे नकोत. ती दुसरी ऐकायची नाही, पण तू घरची." अज्ञान असताना माझ्या सहीला किंमत नव्हती. सज्ञान झाल्यावर तिचं पहिलं काम त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. आई काही बोलली नाही. ती पुन्हा काहीतरी मोजत होती, बहुतेक पेढे. भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "मला नको तिचं," आणि क्रिकेट खेळायला गेला. तो पंधरा वर्षांचा होता. अजून तीन वर्षं अज्ञान.

मी म्हटलं, "बघू." एवढंच म्हटलं. त्याहून धीट काहीतरी म्हटलं असं सांगायला आवडलं असतं.

नोंद मंजूर झाली ते मला तलाठ्याकडून कळलं नाही. सकाळी साडेसहाला ताईचा मेसेज आला. ऑनलाइन सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट, माझ्या नावाभोवती लाल गोल, नावापुढे काही नाही. नंतर कधीतरी तिनं सांगितलं की आमच्या गावची 'आपली चावडी', म्हणजे फेरफारांच्या नोटिसांचा ऑनलाइन फलक, ती रोज रात्री उघडून बघते. कुणाचा फेरफार, कुणाचा बोजा, कुणाची वारस नोंद, सगळं. गावात तिला कुणी बोलावत नाही, पण कुठल्या गटाला नोटीस लागली हे तिला आमच्याआधी माहीत असतं.

स्क्रीनशॉटखाली लिहिलं होतं: 'आता काका सही मागायला येतील. पेन लपव.'

काका आदल्या संध्याकाळीच येऊन गेले होते. त्यांचा पेन आमच्याकडे विसरला होता. तो मी कंपासपेटीत टाकला, तारेशेजारी.